काटा खोटं बोलत नाही

घर बांधायचं तर माणूस पायापासून सुरुवात करतो. लग्न काढायचं तर मुली बघण्यापासून. आमच्या भाच्याने विमान बांधायला काढलं आणि सुरुवात केली ती घड्याळांच्या पाटीपासून. वैमानिकाच्या नाकासमोर ती काटेवाली पाटी असते ना, जिला इन्स्ट्रुमेंट पॅनेल म्हणतात, ती. पॅनेल आधी आणि त्याच्या मागचंपुढचं विमान नंतर. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पॅनेल तयार आहे. विमान यायचं आहे.

"मामा, खोलीत मावेल तिथून सुरुवात करायची," असं त्याचं म्हणणं. खोली म्हणजे आमची मागची खोली. बदलापूर पश्चिमेला, नदीकडच्या बाजूला, तळमजल्यावर. आठ बाय दहा. तीत धान्याची कोठी, माझी हत्यारांची पेटी, आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेल्या व कधीही न लागलेल्या वस्तू. विमानाचा एक पंखसुद्धा तिच्यात शिरला नसता. पॅनेल मात्र कॉटखाली सरकतं.

हा ताप त्याला चढला २०१६ च्या फेब्रुवारीत. वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'चं प्रदर्शन भरलं होतं आणि तिथे कॅप्टन अमोल यादव यांचं सहा आसनी विमान ठेवलं होतं. हे विमान त्यांनी कांदिवलीला, चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलं. लोक गच्चीवर पापड घालतात, कुरडया घालतात. या गृहस्थाने विमान घातलं! मग ते सुटं करून, क्रेन लावून खाली उतरवलं. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची रीतसर नोंदणी केली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या उड्डाणचाचण्याही झाल्या. पण हे पुढचं. भाचा त्या दिवशी प्रदर्शनातून परत आला तो दोन दिवस गप्प. मला वाटलं, मुलीचं प्रकरण असावं. ते परवडलं असतं.

तसा तो या कामाला अगदीच परका नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका गाळ्यात तो विजेची कंट्रोल पॅनेलं बांधतो. वायरींना नंबरांचे फेरूल घालून अशा ओळीत बसवतो की शाळेतल्या कवायतीची आठवण व्हावी. मी स्वतः आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. एका रासायनिक कारखान्यात चौतीस वर्षं प्रेशर गेज काढली, तपासली, बसवली. एकूण आमच्या घराण्यात पंख कुणालाच नाहीत. काटे मात्र पुष्कळ.

पहिलं पॅनेल पुठ्ठ्याचं झालं. वॉशिंग मशीनचं खोकं कापून. सहा मुख्य काट्यांची मांडणी जगभर ठरलेली आहे: वरच्या ओळीत वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, खालच्या ओळीत वळण, दिशा आणि चढ-उतार. वाटेल तसं बसवून चालत नाही, कारण वैमानिकाची नजर सवयीने फिरते. स्वयंपाकघरात मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवून बघा, म्हणजे कळेल. काटे नजरेच्या टप्प्यात येतात की नाही ते बघायला कुणाला तरी पायलट करायला हवं होतं. हिला केलं. खुर्चीत बसून हिने पुठ्ठ्याकडे दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि विचारलं, "यात घड्याळ कुठाय?"

"घड्याळ बसवू ना, मामी."

"बसवाल तेव्हा दहा मिनिटं पुढे ठेवा."

याचा खुलासा करायला हवा. ही फोर्टातल्या एका ऑफिसात हिशेबखात्यात होती. सकाळची बदलापूर लोकल चुकू नये म्हणून आमच्या भिंतीवरचं घड्याळ लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात दहा मिनिटं पुढे गेलं, ते आजतागायत पुढे आहे. गंमत अशी की ते पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणजे घड्याळात सव्वासात दिसले की प्रत्येक जण मनातल्या मनात दहा वजा करून आणखी एक घोट चहा पितो. ते घड्याळ चाळीस वर्षं रोज खोटं बोलतंय आणि चाळीस वर्षांत एकदाही कुणी फसलेलं नाही. उपयोग शून्य. पण ते बरोबर लावायचं म्हटलं की ही म्हणते, "राहू दे, उगाच गाडी चुकेल."

तर पुठ्ठ्यानंतर पत्रा. ॲल्युमिनियमचा, सोळा गेजचा. सहा मोठी भोकं, प्रत्येक सव्वातीन इंचांना एक सूत कमी, म्हणजे साडेएकोणऐंशी मिलिमीटरच्या आसपास. होलसॉने भोक पाडणं पाच मिनिटांचं काम; पण भोक अर्धा मिलिमीटर इकडे सरकलं तर ते परत भरता येत नाही. म्हणून आधी लहान पाडायचं आणि मग अर्धगोल कानशीने वाढवत न्यायचं. एकेका भोकाला एकेक रविवार गेला. ॲल्युमिनियमचा भुगा पोह्यांत सापडायला लागला तेव्हा हिने मागच्या खोलीला दार लावायचा नियम केला. शिवाय होकायंत्राच्या आसपास लोखंडी स्क्रू नको, पितळी हवा. ते पितळी स्क्रू मी माझ्या पेटीतून दिले. वस्तू चौतीस वर्षं सांभाळून ठेवली की तिचा योग येतो, हे हिला दाखवून देण्याची ही एकच संधी मला आयुष्यात मिळाली.

भोकं सहा झाली, पण काटे कुठे होते? विमानाचे नवे काटे म्हणजे सोन्याचे दागिने. पाच भोकांत भाच्याने कागदी तबकड्या चिकटवल्या आणि सहाव्यात, चोरबाजारातून आणलेला एक जुना, पण चालू अल्टिमीटर. जानेवारीत एका सकाळी बटण फिरवून त्याने काटा शून्यावर आणला आणि सांगितलं, "मामा, ही आपल्या खोलीची उंची. आता हात लावायचा नाही."

जून-जुलै आला. एक दिवस ही मागच्या खोलीतून ओरडली, "अहो, आपण वर चाललोय!"

बघतो तर काटा दोनशेच्या वर. घर जागच्या जागी, आणि काटा म्हणतोय आपण दोनशे फूट वर आहोत. भाचा घाबरला, पण मला हसू आलं. अल्टिमीटर म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र. आत पातळ पत्र्याची पोकळ डबी असते. बाहेरचा दाब उतरला की ती फुगते आणि काटा फिरतो. आपण जसजसे वर जातो तसतसा दाब उतरतो, दर सत्तावीस-अठ्ठावीस फुटांना साधारण एक मिलिबार. पण पावसाळ्यातही दाब उतरतो. आपल्याकडे जानेवारीपेक्षा जुलैत तो दहाएक मिलिबारने कमी असतो. त्या डबीला काय ठाऊक की दाब ढगांमुळे उतरला की चढल्यामुळे? तिला विचारलं दाबाचं, तिने सांगितलं दाबाचं. उंची समजलो ते आपण.

२०१९ च्या जुलैची सव्वीस-सत्तावीस तारीख बदलापूरकर विसरणार नाहीत. उल्हास नदी त्या रात्री अशी आली की मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी दुसऱ्या दिवशी होड्यांनी बाहेर काढले. आमच्या घरात पाणी पहाटे आलं, आधी उंबऱ्यावरून नम्रपणे, मग मोरीतून, आणि मग सरळ मालकासारखं. ही कागदपत्रं आणि देव उचलत होती, मी गॅसचं सिलिंडर सोडवत होतो, आणि भाच्याने काय वाचवावं? कॉटखालून पॅनेल ओढलं आणि पंख्याच्या हुकाला टांगलं. मी टॉर्च मारला. गुडघाभर पाण्यात आम्ही तिघं उभे, आणि काटा अडीचशे फूट उंचीवर निवांत. त्या क्षणी मला त्या काट्याचा इतका राग आला की विचारू नका. पण त्याचं काय चुकलं होतं?

हा प्रश्न नंतर बरेच दिवस आमच्याकडे चालला. भाचा पुस्तकं वाचून शहाणा झालेला. त्याचं म्हणणं, ढगात शिरल्यावर वैमानिकाने शरीरावर अजिबात भरवसा ठेवायचा नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी व्यवस्था आहे ती बाहेरचं दिसेनासं झालं की बेधडक थापा मारते. मला हे लगेच पटलं. कल्याणला आपली गाडी उभी असते, शेजारची हलते, आणि आपण हुश्श करून पेपर उघडतो. मग शेजारची गाडी संपते आणि पलीकडे फलाट तसाच उभा! तेव्हा शरीर खोटं, काटा खरा. ठीक.

"आणि काटाच बिघडला तर?" मी विचारलं.

हे मी उगीच विचारलं नव्हतं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मी शिकाऊ उमेदवार होतो आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात दुसरा विषय नव्हता. एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे जंबो सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. चौकशीत निघालं ते असं: उजवं वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कप्तानांच्या समोरचं क्षितिज उजवीकडे कललेलंच राहिलं. ते सरळ करायला ते विमान डावीकडे कलवत गेले. बाहेर समुद्रावरचा काळोख. बरोबर दाखवणारी यंत्रं त्याच पॅनेलवर, हातभर अंतरावर होती.

"म्हणून दोन-तीन काटे ताडून बघायचे," भाचा म्हणाला.

पण तेही पुरत नाही. १९९६ च्या ऑक्टोबरात पेरू देशातल्या लिमाहून एक बोइंग ७५७ मध्यरात्री निघालं. विमानाच्या कुशीला बारीक भोकं असतात. बाहेरच्या हवेचा दाब त्यांतून आत येतो, आणि वेगाचा, उंचीचा व चढ-उताराचा असे तिन्ही काटे त्यावरच जगतात. विमान धुताना ती भोकं चिकटपट्टीने झाकली होती आणि पट्टी काढायची राहून गेली. वैमानिकांनी बिचाऱ्यांनी खालच्या टॉवरला विचारलं, आमची उंची किती? टॉवरने आकडा सांगितला. पण टॉवरच्या पडद्यावरचा तो आकडा तरी कुठून आला होता? त्याच विमानाने पाठवलेला! ७० माणसं समुद्रात गेली. आमच्या सोसायटीत एखादी बातमी चार जणांनी चार वेळा सांगितली म्हणून मी खरी मानतो, आणि शेवटी कळतं की चौघांनाही ती एकाच दूधवाल्याने सांगितली होती. फरक इतकाच की आम्ही त्यात मरत नाही.

या सगळ्यात मला आवडलं ते होकायंत्र. पॅनेलवर त्याचं बसणंच अवघड, कारण आजूबाजूच्या लोखंडाने आणि विजेच्या तारांनी ते भरकटतं. ते पूर्ण सुधारता येत नाही. मग काय करतात? विमान हळूहळू गोल फिरवतात, दर तीस अंशांवर थांबून होकायंत्र काय म्हणतं ते बघतात, आणि चुका एका छोट्या कार्डावर लिहून ते कार्ड होकायंत्राच्या खालीच लावतात. उत्तरेला जायचंय, तर तीन अंश धरा. पूर्वेला, तर अठ्ठ्याऐंशी. भाच्याने एक होकायंत्र मिळवलं, आणि विमान नसल्यामुळे आम्ही पॅनेल लाकडी स्टुलावर ठेवून अंगणात फिरवलं. हिचा लोखंडी खलबत्ता जवळ होता म्हणून पहिल्या बारा नोंदी फुकट गेल्या. दुसऱ्या बारा भाच्याने सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि कार्ड लावलं. मी पुष्कळ गेज हाताळली, पण आपल्या चुकांची यादी गळ्यात अडकवून कामावर येणारं असं यंत्र दुसरं पाहिलं नाही.

ही कल्पना हिला फारच पसंत पडली. त्याच संध्याकाळी मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर हिने माझं कार्ड केलं आणि फ्रिजला लावलं. 'आलोच' — पाऊण तास. 'जरासंच दुखतंय' — डॉक्टरकडे न्यावे. 'मी कुठे रागावलोय?' — रागावले आहेत. 'भाजी छान' — मीठ कमी. येणारेजाणारे वाचून हसतात. खरं सांगायचं तर माझी त्याने सोयच झाली. 'आलोच' म्हणून गेलो की आता कुणी वाट बघत नाही.

त्या कार्डावर एक ओळ मात्र नव्हती, कारण ती हिला ठाऊक नव्हती.

१९८६ सालची दिवाळी. वर्षाकाठची तपासणी चालली होती. गेज खाली उतरवायचं, वजनांच्या यंत्रावर लावून ताडायचं, परत चढवायचं आणि गळ्यात पत्र्याचा बिल्ला अडकवायचा: तपासले, तारीख, सही. बेचाळीस गेज. एक्केचाळीस झाली. शेवटचं होतं तिसऱ्या मजल्याच्या माचीवर, शिडीने जायचं, आणि मुलगा घरी आकाशकंदिलाची वाट बघत बसलेला. मी खालूनच सही केली. गेल्या वर्षीचे आकडे उतरवले आणि बिल्ला मदतनिसाकडून वर लावून घेतला. वर्षभर त्या माचीखालून जाताना माझी मान आपोआप खाली जायची. पुढच्या दिवाळीला ते गेज मी स्वतः उतरवलं, तीनदा तपासलं. एका रेघेचीसुद्धा चूक नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, आणि अश्वत्थाम्याच्या प्रकरणात तो जे बोलला त्यानंतर खाली आला. इतका बिनचूक अल्टिमीटर पुन्हा झाला नाही. पण धर्मराजाने शब्द खरे वापरून खोटं सांगितलं. मी खोटं लिहिलं आणि ते खरं निघालं. मग माझा रथ खाली यायला हवा की नको? आकडा खरा होता. तारीख खरी होती. सहीसुद्धा माझीच. फक्त कुणी बघितलं नव्हतं. आणि खाली वावरणारी चाळीसएक माणसं वर्षभर डबा खात होती ती कुणीतरी बघितलंय या भरवशावर. त्यांना आकडा नको होता हो, त्यांना बघणारा हवा होता. तो मी कंदिलाला गेलो होतो.

कार्ड लागल्यावर काही दिवसांनी मी हिला हे सांगितलं. ही म्हणाली, "निघालं ना बरोबर? मग आता इतक्या वर्षांनी काय त्याचं!" आणि भाजी निवडायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आमच्याकडे एक मुलगा होता, रोकड न मोजता सही करायचा. मी त्याला रोज परत मोजायला लावायचे. कधी रुपया कमी निघाला नाही. तरी लावायचे." इतकंच. फ्रिजवरच्या कार्डात तिने ओळ वाढवली नाही. वाढवली असती तर बरं वाटलं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात पॅनेलचं उरलेलं काम झालं. एव्हाना वेगाचा आणि चढ-उताराचा असे आणखी दोन खरे काटे आले होते आणि तिघांना मिळून एक नळी जोडली होती. भाचा एक वही ठेवतो. प्रत्येक कामापुढे तारीख, वेळ आणि तपासणाऱ्याची सही. तपासणारा मी. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. त्याने वही पुढे केली. "मामा, नळीच्या गळतीपुढे तेवढी सही करून टाका. मी काल बघितलंय, ठीक आहे."

"बघू या की."

"मामा, दमलोय हो. आणि विमान तरी कुठाय अजून?"

हे मात्र बिनतोड होतं. विमान नव्हतं. खाली डबा खाणारं कुणी नव्हतं. मी उठलो आणि औषधाच्या कपाटातून मोठी सिरिंज आणली. वेगाच्या काट्याच्या दोन्ही नळ्या एकत्र केल्या, नाहीतर बिचारा ताणाने मोडतो. मग सिरिंजने हळूहळू हवा ओढली, अल्टिमीटर एक हजार फुटांवर नेला आणि नळी चिमटीत धरली. नियम असा की एका मिनिटात काटा शंभर फुटांहून जास्त उतरता कामा नये. भाचा भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत होता. काटा तीनशे फूट उतरला.

भाचा काही बोलला नाही. आम्ही सांधे एकेक करून बघितले. चढ-उताराच्या काट्यामागची क्लिप ढिली होती. आवळली. परत हवा ओढली. या वेळी चाळीस फूट. आणखी एकदा ओढली, परत चाळीस. आवाजाने ही उठून आली होती आणि दारात उभी होती. तिने वही माझ्यासमोर धरली. मी सही केली, तारीख घातली. वेळ लिहिण्यासाठी घड्याळाकडे पाहिलं, दहा मिनिटं वजा केली, आणि लिहिली.